पावसाळ्यात टिकेल असा कुत्र्याच्या जेवणाचा लाकडी स्टँड

प्रश्न थोडक्यात असा: घर गोव्यातल्या फोंड्याजवळ, लॅब्राडोर नऊ वर्षांचा, खांद्यापाशी उंची ५८ सेंटिमीटर. पुढच्या पायांचे सांधे दुखतात, त्यामुळे जमिनीवरच्या वाडग्यातून खाताना तो पाय फाकवून उभा राहतो. पॅकिंगच्या पाइनचा एक स्टँड करून झाला. एका पावसाळ्यात त्याच्या पायांची टोकं काळी पडून मऊ झाली, भोकाजवळ फळी चिरली, आणि पावसात सैल असलेला वाडगा मे महिन्यात असा अडकला की खालून ठोकून काढावा लागला. आता लाकूड कुठलं घ्यावं, उंची किती ठेवावी आणि वरून काय लावावं?

लाकडाकडे येऊच, पण आधी उंची. लाकूड चुकलं तर स्टँड बिघडतो, उंची चुकली तर त्रास कुत्र्याला होतो.

बाजारातल्या स्टँडबरोबर ‘छातीइतकी उंची’ असा सरसकट नियम ऐकायला मिळतो. त्यावर जाऊ नका. २००० साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींच्या १,६०० हून अधिक कुत्र्यांवर त्यांनी लक्ष ठेवलं होतं. पोट वाऱ्याने फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्यांत जास्त आढळला. हा आजार काही तासांत जीव घेतो. पोट टणक फुगलेलं, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, जनावर एका जागी बसत नाही, असं दिसलं की सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं. त्यामुळे तरुण, धडधाकट कुत्र्याला स्टँड देण्याचं कारण नाही. जमिनीवरचा जड वाडगा त्याला उत्तम. तुमच्या कुत्र्याचे सांधे दुखतात म्हणजे कारण खरं आहे, तरीही एकदा त्याच्या डॉक्टरला विचारा, आणि उंची गरजेपुरतीच द्या.

गरज किती हे मोजपट्टीने कळत नाही. फरशीचे किंवा फळ्यांचे तुकडे एकावर एक रचून त्यावर वाडगा ठेवा. पहिले दोन दिवस १० सेंटिमीटर, मग १५, मग २०. बाजूने बसून त्याला खाताना बघा. पाय सरळ राहिले, पाठ सपाट दिसली आणि मान खांद्यापेक्षा थोडी खाली झुकलेली राहिली की थांबा. हनुवटी वर करून खायला लागला, घोट घेताना ठसकला, तर एक थर काढा. खांद्यापाशी ५८ सेंटिमीटर असलेल्या कुत्र्याला बहुधा २० ते २४ सेंटिमीटरमध्ये आराम पडतो. पुढची सगळी मापं फळीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून २२ सेंटिमीटर धरून दिली आहेत. तुमच्या चाचणीत वेगळा आकडा आला तर फक्त पायांची लांबी बदला.

कमी उंचीचा आणखी एक फायदा आहे, स्टँड सहजासहजी उलटत नाही. या मापांचा सागवानी स्टँड, वाडगे, पाणी आणि जेवण मिळून साधारण सहा किलो भरतात. पायांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर २७ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून साडेतेरा. २२ सेंटिमीटर उंचीवर तो उलटायला पावणेचार किलोच्या आसपास धक्का लागतो, ३५ सेंटिमीटरवर सव्वादोन किलोच पुरे. ताटलीच्या तळाचं चाटताना लॅब्राडोर एवढा जोर सहज लावतो. म्हणून स्टँड भिंतीला लावूनच ठेवायचा, मध्ये बोटभर फट सोडून, म्हणजे भिंत घाणही होत नाही आणि मागे वाराही खेळतो.

आता मे महिन्यात अडकलेल्या वाडग्याचं कोडं. लाकूड पावसात फुगतं, तेव्हा भोक लहान होईल असं वाटतं. होतं उलट. फळी फुगते तेव्हा तिच्यातलं भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं, आणि फळी सुकून आकसली की भोकही आकसतं, तेही फक्त लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. म्हणजे पावसात गोल कापलेलं भोक एप्रिल-मेपर्यंत किंचित अंडाकृती होतं आणि वाडग्याला दोन बाजूंनी आवळतं. २९ सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी गोव्याच्या पावसाळा-उन्हाळ्यात दोन-तीन मिलिमीटर हलते, त्या हिशेबाने १९ सेंटिमीटरचं भोक दीड-दोन मिलिमीटर. तेव्हा भोक वाडग्यापेक्षा ४ मिलिमीटर मोठं ठेवायचं. कमी नको.

वाडग्याची मापं घेताना कडेचा बाहेरचा व्यास आणि कडेच्या लगेच खालचा अंगाचा व्यास, दोन्ही घ्या. स्टीलचे वाडगे खाली निमुळते होत जातात, मधलं माप उपयोगाचं नाही. इथे धरलेला वाडगा असा: कड २१० मिमी, कडेखाली १९०, खोली ६५. भोक १९४ मिमी, म्हणजे त्रिज्या ९७. कडेचे ८ मिमी चहूबाजूंनी फळीवर टेकतात, तेवढे पुरतात. वाडगे आधी आणा, भोकं नंतर कापा. त्याच मापाचा वाडगा पुन्हा मिळेल याची खात्री नसते, म्हणून दोनाऐवजी तीन घेऊन ठेवलेले बरे.

लाकडात पहिली पसंती अर्थातच सागवान, पण नवीन, महाग सागवान लागत नाही. सगळा स्टँड वाया जाणारं धरून ०.४ घनफुटात होतो. वखारीत उरलेले तुकडे किंवा जुन्या घराच्या मोडीतले दार-चौकटीचे भाग चालतात. मोडीचं लाकूड घेतलं तर रंध्याला लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. जुना तेलरंग लागलेला तुकडा मात्र नकोच. जुन्या रंगांत शिसं असायचं. घासताना त्याची धूळ तुमच्या छातीत जाते आणि उरलेला रंग कुत्रा चाटतो. सागवानात आणखी एक पाहायचं: कडेची पांढरट पट्टी. ते सागवान म्हणूनच विकलं जातं, पण किडीला आणि बुरशीला ते पहिलं बळी पडतं. काढून टाका.

फणस गोव्यात सहज मिळतो, रंध्याखाली लोण्यासारखा जातो, पिवळा गाभा पाण्याला चांगला टिकतो. बाहेरचा फिका भाग इथेही काढायचा. परसातला फणस पावसात पडला म्हणून त्याचीच फळी वापरायची असेल तर २५ मिमी जाडीला सावलीत वर्षभर वाळवा. आणि उभं झाड तोडायचा विचार असेल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आधी वन खात्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी. ऐन, म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष मट्टी, मजबूत आणि जड, पायांना झकास. पण सुकताना चिरतो आणि हाताच्या हत्यारांचा जीव काढतो. आंबा टाळा. स्वस्त असतो, पण दमट जागी त्याला भुंगा आणि बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

पाइनचं तुम्ही बघितलंच. तरी कुणी वापरणारच असेल तर परदेशातून आलेल्या खोक्यावरचा ठसा वाचा. एचटी म्हणजे उष्णतेने कीड मारलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. जेवणाच्या कामाला दुसरं नको. प्लायवुडला नाक मुरडण्याचं कारण नाही. आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का असलेलं १८ मिमीचं प्लाय घेतलं तर भोक वर्षभर गोलच राहतं आणि वरच्या फळीची चिकटवाचिकटव वाचते. फक्त कापलेल्या सगळ्या कडांना इपॉक्सीचे दोन हात हवेत, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, दमट घरात बिस्किटासारखं फुगतं. त्यावर बोलायलाही नको.

लाकूड सुकं आहे का, हे वखारवाल्याच्या शब्दावर ठरवू नका. आर्द्रता मोजायचं यंत्र असेल तर १४ टक्क्यांच्या आत हवं. नसेल तर स्वयंपाकघरातला काटा घ्या. एक फळी तोला, पेन्सिलीने तिच्यावरच वजन आणि तारीख लिहा, घरात पंख्याखाली उभी ठेवा आणि दर चार दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेला आलं. ओलं लाकूड चिकटवून केलेला स्टँड पहिल्या उन्हाळ्यात सांध्यांतून उघडतो, मग सरस कितीही भारी असो.

कापायचे तुकडे, सगळी मापं मिलिमीटरमध्ये:

वरची फळी: ५६० × २९० × २५ (९८ रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून, नंतर २९० वर कापायची)
पाय: ४ नग, ४५ × ४५ × १८७
लांब आडव्या पट्ट्या: २ नग, ४५० × ६० × २०
आखूड आडव्या पट्ट्या: २ नग, १८० × ६० × २०
मधली पट्टी: १ नग, २२० × ४५ × २०
आतल्या ठोकळ्या: २ नग, १८० × २० × १५
लाकडी खुंट्या: २० नग, जाडी ८, लांबी ४०
स्क्रू: ८ नंबर, ३८ लांब ९ नग, ३० लांब ४ नग, शिवाय पायांखालच्या बुटांचे ४

पायांची १८७ ही लांबी खालचा ८ मिमीचा रबरी बूट आणि वरची २५ मिमीची फळी धरून आहे.

स्क्रू लोखंडी नकोत. सागवान आणि ऐन या दोन्हींतल्या रसाने लोखंडाभोवती काळे डाग उठतात, आणि समुद्राजवळच्या घरात तर वर्षभरात डोकं गंजून पडतं. फोंड्यासारख्या आतल्या भागात ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील पुरतं. कळंगुट-मिरामारसारख्या खाऱ्या वाऱ्यात ३१६ घ्या किंवा पितळ. पितळी स्क्रू कठीण लाकडात पिळताना तुटतो. त्यावर जुना उपाय: ३ मिमीचं भोक पाडून त्यात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा, मग मेणावर घासलेला पितळी स्क्रू हाताने बसवायचा.

वरची फळी एकाच रुंद तुकड्याची करण्याचा मोह आवरा. एवढी रुंद फळी पन्हाळीसारखी वाकते. तीन पट्ट्या घ्या, टोकाकडून बघितल्यावर दिसणाऱ्या वाढीच्या वर्तुळांच्या कमानी एकीत वर, दुसरीत खाली, अशा मांडा. कडा रंध्याने इतक्या सरळ करा की दोन पट्ट्या एकमेकींवर उभ्या धरल्या तर मधून उजेड दिसू नये. सरस पाण्यात टिकणारा हवा, फेविकॉल मरीनच्या जातीचा. साधा पांढरा नको. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या दहा मिनिटं आधी कडा ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. तीन शिकंजे, दोन खालून आणि मधला वरून, म्हणजे फळी एका बाजूला उचलली जात नाही. सांध्यातून सरसाची बारीक, सलग मोत्यांची ओळ बाहेर आली की दाब बरोबर आहे. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पावसाळी हवेत २४ तास हलवू नका.

भोकांची केंद्रं: लांबीच्या दोन्ही टोकांपासून १५० मिमी, रुंदीत बरोबर मध्ये, १४५ वर. दोन केंद्रांत २६० मिमी अंतर पडतं. भोकं रुंदीच्या कडेपासून ४८ मिमी आत राहतात, तिथे रेषा लांब जातात, ताकद भरपूर. कमकुवत जागा दोनच: टोकाकडचे ५३ मिमी आणि दोन भोकांमधले ६६ मिमी. तिथे रेषा आखूड, त्यामुळे फळी तिथूनच चिरते. तुमचा आधीचा स्टँडही बहुधा तिथेच गेला. टोकांखाली आखूड पट्ट्या आणि मध्ये ४५ रुंदीची मधली पट्टी आहे ती याचसाठी. ‘दिसत नाही तर कशाला’ म्हणून ती गाळू नका.

वर्तुळ काढायला कर्कटक पुरत नाही. पट्टीच्या एका टोकाला बारीक खिळा, तिथून बरोबर ९७ मिमीवर पेन्सिलीपुरतं भोक. वर्तुळाच्या आत १० मिमीचं भोक पाडून जिगसॉचं पातं घाला आणि रेषेच्या दीड मिमी आतून कापा. २५ मिमी जाडीत पातं वळणावर बाहेर झुकतं: वरून गोल सुरेख दिसतो आणि खाली भोक तिरकं गेलेलं असतं. घाई केली तर हे हमखास होतं. नवीन पातं, कमी वेग, आणि यंत्र ढकलायचं नाही, फक्त वळवायचं. शेवटचा थोडा भाग राहिला की खालून कुणाला तरी तुकडा धरायला सांगा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने तुटताना फळीचा लचका घेऊन जातो. उरलेले दीड मिमी अर्धगोल कानसीने. राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र, असेल तर हे सगळं विसरा, पट्टी लावून तीन फेऱ्यांत भोक तयार.

भोकाची वरची धार ३ मिमी गोल करा. वाडग्याची कड आणि फळी यांच्यामध्ये पाणी केसाएवढ्या फटीत धरून राहतं. त्यात लाळ, शिताचा चिकट कण, नुस्त्याच्या, म्हणजे माशाच्या कढीचा ओघळ. हीच स्टँडमधली सगळ्यात आधी कुजणारी जागा. धार गोल असली की फट उघडी पडते. कडेखाली सव्वा-दीड मिमी जाडीचे चार पारदर्शक रबरी ठिपके चिकटवले की वाडगा किंचित उचललेला राहतो, खालून वारा जातो आणि रात्री पाणी पिताना होणारा खणखणाटही थांबतो. ठिपके फळीला चिकटवा, वाडग्याला नको. वाडगा रोज धुवायचा आहे.

फळीच्या खालच्या अंगाला, चारही कडांपासून ५ मिमी आत, ३ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच मारा. खिडकीवरच्या छज्ज्याला खालून मारतात तशीच. फळीवरून ओघळलेलं पाणी खाचेपाशी तुटून खाली पडतं, सांध्यांकडे सरकत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक स्टँडना ती नसते.

सांगाडा सोपा. आडव्या पट्ट्या पायाच्या बाहेरच्या अंगापासून ५ मिमी आत, प्रत्येक सांध्याला दोन खुंट्या. पायात २१ आणि पट्टीत २१ मिमी खोल भोकं. ती जास्तीची दोन मिमी सरसाला जागा म्हणून. तेवढी नसली तर आत अडकलेला सरस खुंटी पूर्ण बसू देत नाही आणि कडेला फट राहते. मधली पट्टी लांब पट्ट्यांना वरच्या पातळीत जोडायची. पट्ट्या २० मिमीच जाड, म्हणून तिथे भोक १३ मिमीपेक्षा खोल नको, मधल्या पट्टीत २९. आधी आखूड बाजूच्या दोन चौकटी करा, दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्यांनी जोडा. सरस ओला असतानाच कर्ण मोजा. दोन कर्ण सारखे नसतील तर मोठ्या कर्णावर शिकंजा लावून ओढा. वाळल्यावर काही करता येत नाही.

फळी सांगाड्याला कधीही सरसाने चिकटवू नका. ती रुंदीत हलणार, सांगाडा हलणार नाही. मग फळी चिरेल किंवा सांधा तुटेल. ठोकळ्या आखूड पट्ट्यांच्या आतून, वरच्या कडेला, सरस आणि ३० मिमीच्या दोन-दोन स्क्रूंनी बसवा. प्रत्येक ठोकळीत आणि मधल्या पट्टीत तीन भोकं: मधलं गोल, घट्ट, कडेची दोन ठोकळीच्या लांबीच्या दिशेने ८ मिमीपर्यंत लांबट. ३८ मिमीचा स्क्रू २० मिमी लाकूड पार करून फळीत १८ मिमी शिरतो, ७ मिमी वर शिल्लक. लांबट भोकांतले स्क्रू घट्ट करून पाव फेरा मागे घ्या. फळी मध्यापासून दोन्हीकडे हवी तशी हलते, कुरकुरत नाही.

पण ती बसवण्याआधी पॉलिश.

इथे गोव्यात हाताशी असलेल्या तीन गोष्टींचा मोह होतो, तिन्ही चुकीच्या. खोबरेल तेल कधी वाळतच नाही. आठवड्याभरात खवट वास, मग मुंग्या, मग कुत्रा फळी चाटत बसतो. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना लावतात, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही हे खरं, पण ते कातडी भाजतं. तोंडाच्या जागी त्याचा विचारही नको. आणि वाळवीवर मारायचं औषध जेवणाच्या वस्तूवर कुठल्याच प्रमाणात चालत नाही. वाळवीला जमिनीपासून तोडायचं, त्यासाठी रबरी बूट आणि भिंतीपासूनची फट पुरते.

लाखेचं पॉलिश देखणं, पण ओल्या वाडग्याखाली पांढरं पडतं. जवसाचं कच्चं तेल आठवडे-आठवडे चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर हिरवट बुरशी धरते. टंग तेल त्याहून बरं. पातळ तीन हात, प्रत्येकात दोन दिवस, आणि दर वर्षी पुन्हा. या तेलांची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती तापून आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

तुमच्या कामाला, लाळ गाळणारा मोठा कुत्रा आणि ओसरीपर्यंत येणारी झड लक्षात घेता, दोन भागांचं पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं पॉलियुरेथेन पॉलिश घ्या. लाकूड ८०, १२०, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसून तंतू उभे राहू द्या, वाळल्यावर २२० चा हात. बाहेरच्या वरच्या कडा ५ मिमी गोल हव्यात, कारण टोकदार धारेवर पीयू पातळ होतं आणि तिथूनच सुटायला लागतं, हनुवटीलाही बरं. एक हात सीलर, तीन हात पीयू, मध्ये ३२० चा हलका हात. भोकाची आतली कड दोन हात जास्त पिते. फळीच्या खालच्या बाजूला वरच्याइतकेच हात द्या. फक्त वरून लावलेली फळी खालून ओल घेते आणि वाकते, मग लोक लाकडाला दोष देतात.

भर पावसात पीयू लावू नका. हार्डनर हवेतल्या ओलीशी लागतो आणि थरात बारीक बुडबुडे उठतात. जून ते सप्टेंबरमध्ये काम करावंच लागलं तर दोन उघडे दिवस बघून, दुपारी, बंद खोलीत. शेवटच्या हातानंतर कोरड्या दिवसांत आठवडाभर आणि पावसाळ्यात दोन आठवडे थांबा. नाक लावून वास घ्या. वास येतोय तोवर कुत्र्यासमोर ठेवायचा नाही. फळ्या कुरतडणारं पिल्लू घरात असेल तर पीयू सोडा, लाकूड कोरंच ठेवा आणि दोन वर्षांनी फळी बदला.

पायांच्या टोकांना पीयू पुरत नाही. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि फरशी पुसल्यावर उरलेलं पाणी त्या काडीने ओढल्यासारखं वर घेतात. तुमच्या आधीच्या स्टँडचे पाय काळे पडले ते याचमुळे. सावकाश वाळणारी इपॉक्सी घ्या, पाय उलटे उभे करून पहिला हात जिरू द्या, अर्ध्या तासाने दुसरा. मग ८ मिमीचे रबरी बूट, मध्ये स्टेनलेस स्क्रू. काळं रबर लाल सिमेंटच्या जमिनीवर आणि पांढऱ्या टाइलवर डाग सोडतं. राखाडी मिळालं तर तेच.

मुंग्यांचं काय? जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आपली जुनी पद्धत इथेही चालेल, पण सोय कमी आणि व्याप जास्त: पाय चोवीस तास ओले, कुत्रा वाटीतलं पाणी पिणार, आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढणार, म्हणजे पाणी रोज बदलायचं. त्यापेक्षा जेवणाचा वाडगा २० मिनिटांनी उचला, खाल्लेलं असो वा नसो, आणि फळी ओल्या व मग कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा वाडगा राहू द्या, त्याला मुंग्या लागत नाहीत.

रोज दोन्ही वाडगे काढून धुताना भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर तिथला थर सुटायला लागला आहे. २२० ने घासून लगेच एक हात द्या, पूर्ण फळी उतरवायची गरज नाही. वर्षातून एकदा, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या दिवसांत घरात बाकीची आवराआवर चालू असते तेव्हाच, स्टँड उलटा करून बूट काढा. टोकाला नख दाबून बघा. नख रुतलं तर तेवढा भाग कापा, पुन्हा इपॉक्सी द्या आणि चारही पाय सारखेच आखूड करा. पाच-सहा मिमी गेले तरी बिघडत नाही, तेवढे जाड बूट लावता येतात.